फक्कीचं घर

आराखड्यात आम्ही हिरवे आहोत.
इसाकने नकाशावर बोट ठेवून विचारलं,
हे आपलंच का गं?
कॅनॉल ओळखू आला, पूल ओळखू आला,
मधल्या चारशे बारा घरांच्या जागी
एक सपाट हिरवा चौकोन,
आणि त्यावर मुंगीच्या अक्षरात:
प्रस्तावित उद्यान.

मी स्वारगेटला झेरॉक्सच्या दुकानात बसते.
हरकतीचा नमुना दोन रुपये,
वस्तीसाठी फुकट, मालकाची पाठ वळली की.
हरकतदाराचे नाव: मैनाबाई अडागळे.
जागेशी संबंध?
लिही, पस्तीस वर्षं झाडतेय.
घर, की रस्ते?
दोन्ही लिही, रकान्यात मावलं तर.

मग बिल्डरचा माणूस आला चकचकीत पत्रक घेऊन.
अकरा मजले, लिफ्ट, तीनशे चौरस फूट,
गॅलरीत चहा पिणारी एक गोरी बाई.
तीनशे म्हणजे केवढं, कोणाच्या डोळ्यासमोर येईना.
सुदाम गवंडी उठला.
बाणेर-बालेवाडीत लोकांच्या मास्टर बेडरूम
ओळंब्यात आणण्यात त्याची कंबर गेली.
कबड्डीच्या स्पर्धेतली उरलेली फक्की आणली,
दोरी ताणली,
आणि मैदानावर घर आखलं. एकास एक.

संध्याकाळी आम्ही राहायला गेलो.
कोणी सांगितलं नव्हतं,
तरी सगळ्यांनी चपला रेघेबाहेर काढल्या.
रुक्सानाभाभीने शिलाई मशीन ठेवून पाहिलं:
मशीन बसतं, मग भाभी बसत नाही.
लोंढेआजोबांच्या खाटेचे दोन पाय मोरीत गेले.
मैनाबाईची ढकलगाडी रात्री कुठे लावायची
यावरून भांडण पेटलं,
आणि भिंती नसल्यामुळे ते अख्ख्या मैदानाने ऐकलं.

तेवढ्यात माझी आई
ओट्याच्या जागी उभी राहून हळूच म्हणाली,
पण संडास घरात आहे.

भांडण थांबलं.
रात्री दोनला बॅटरी घेऊन कॅनॉलच्या कडेने जाणाऱ्या
सगळ्याजणी
त्या चार बाय तीनच्या चौकटीकडे
बघत राहिल्या.

मग आम्ही हरकत बदलली.
'नको' खोडलं. लिहिलं:
हवं, पण इथेच.
हवं, पण आजोबांना चढवतील एवढेच मजले.
गाड्यांना खाली जागा. भाडेकरूंचीही नावं.
लिफ्टचं बिल कोण भरणार, ते आधी लेखी.
आणि उद्यान?
तेही हवं. पोरं आमचीही खेळतात.

समोरच्या सोसायटीतल्या दीक्षित मॅडमनी सही केली,
म्हणाल्या, तुम्ही लांब गेलात
तर आमच्याकडे सकाळी सातला कोण येणार?
मी पेन परत घेतलं नाही.
सही ती सही.

सुनावणी. महापालिका, तिसरा मजला.
हरकत क्रमांक अकराशे त्रेचाळीस, वेळ तीन मिनिटं.
मैनाबाईने कागद काढलाच नाही.
पिशवीतून सुदामने गाठी मारून दिलेली दोरी काढली,
एक टोक टेबलाच्या पायाला बांधलं,
आणि गाठी मोजत मोजत हॉलभर फिरली.
साहेब, उठता का जरा?
तुम्ही आमच्या मोरीत बसलाय.

साहेब उठले.
हसले की ओशाळले, मला दिसलं नाही,
मी खुर्च्या सरकवत होते.
दोरीच्या आत अकराजण, फायलींसकट.
मागून कोणीतरी म्हणालं, एवढंसंच?
तो आवाज आमच्यातला नव्हता.
घंटा वाजली.

निकाल अजून नाही.
पायांनी रेघा पुसतात,
म्हणून सुदाम दर रविवारी नव्याने फक्की मारतो.
काल मी पावलांनी मोजून पाहिलं:
मागची भिंत
वीतभर बाहेर सरकली आहे.
मी कोणाला सांगितलेलं नाही.