काट्यावरचा रुपया

दिवसभर मी टनात बोलतो.
हिंगणघाटच्या बाहेर, जिनिंगच्या फाटकाशी,
सरकी भरलेला ट्रक काट्यावर चढतो
की लाल आकडे थरथरतात, थांबतात,
आणि मी पावती फाडतो.
ड्रायव्हर खाली उतरला का, ते आधी बघतो.
बसून राहिलेल्या माणसाचंही वजन असतं.

रात्री दहाला दुसरा काटा.
तळहाताएवढा, काचेच्या झाकणाचा,
पंखा बंद केल्याशिवाय आकडा धरत नाही.
वेणू म्हणते, "गर्मीनं मारता का बाप्पा,
त्या चिल्लरीपायी?"

चिल्लर नव्हे. राणीछाप तीन, त्यातला एक खरा.
दोन मोबाइलवरच्या लिलावात घेतलेले, घाईत;
शेवटच्या मिनिटाला कुणीतरी शंभर-शंभरानं चढवत होतं
आणि माझं डोकं फिरलं.
पहिला चुंबकाकडे धावत गेला,
पाळलेल्यासारखा.
दुसऱ्यानं मान राखला,
पण कडेवर बारीक शिवण निघाली,
उसवून पुन्हा टाचलेल्या खिशासारखी.
राणीच्या गालावर पुरळ: साच्यातले बुडबुडे.
तिला देवी आल्याचं तर कुठं वाचलं नाही.

दोन्ही फेकले नाहीत.
खोटं जवळ असलं की बोटं शिकतात.

वजन न लिहिणाऱ्याला आधी वजन विचारायचं.
"आजोबांच्या पेटीत सापडलं" म्हणणाऱ्याच्या
बाकीच्या चाळीस पेट्या उघडून बघायच्या.
नाण्याखालची चादर ओळखीची वाटली
तर दुकानाचं नाव बदललं तरी माणूस तोच.

घरात एकच असा होता, ज्याला कधी तपासलं नाही.
भोसल्यांचा रुपया. जाड, ओबडधोबड,
फारसी अक्षरं निम्मी नाण्यावर,
निम्मी टाकसाळीतच राहिलेली.
कडेजवळ छिन्नीची खोच:
बापानं मोडायला नेला तेव्हा
ढोमणे सोनाराच्या म्हाताऱ्यानं मारलेली,
चांदी आतवर आहे का बघायला.
होती. बापानं मग मोडलाच नाही.
मी सात वर्षांचा, दुकानाच्या पायरीवर.
तो घाव अजून कानात आहे.

परवा लिलावात तीच खोच दिसली.
वाटलं, असेल. सोनार काय एकटाच होता?
बोट खाली सरकवलं. दुसऱ्या गावचा विक्रेता,
तोच कोन, शेवटी तीच तिरपी जीभ.
मग तिसरी. चौथी. पाचवी.
पाच रुपये, एकच जखम.
घाव पाचदा एकसारखा बसत नाही.
साचा बसतो.

तेव्हा तो पोरगा आठवला.
पाठीला सॅक, वाकून नमस्कार,
"काका, चांगल्या उजेडात फोटो काढतो, उद्या आणतो."
आणला की. बटरपेपरात गुंडाळून,
वर पाव किलो पेढे.
आम्ही पेढे आधी मोजले.

ढोमण्यांच्या नातवाला विचारलं.
उद्धव म्हणाला, "घेऊन ये ना काका, वाजवून पायतो.
एका मिनिटाचं काम हाये."
एका मिनिटाचंच काम आहे.
चार दिवस झाले.

वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय: अकरा पूर्णांक शून्य चार.
आणि त्या पाचांतल्या एकाखाली, एकाच खाली,
वजन दिलंय: अकरा पूर्णांक शून्य चार.
म्हणजे माझा रुपया तिकडे आहे,
किंवा पोरानं त्या दिवशी वहीही पाहिली.
बोली तेवीसशेवर.
मी चोवीसशे टाइप करतो. पुसतो.

डबी उघडी आहे.
काटा शून्यावर.
वेणू अंधारातून विचारते,
"करू का पंखा चालू?"
थांब, म्हणतो.
थांब जरा.