उष्टा धूर

किलरशला, बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीतल्या पबमध्ये
डिंफ्ना हॅनरहन एकवीस वर्षं पेले पुसत उभी.
तिनं एकही सिगरेट तोंडाला लावली नाही.
निदान तिचा तसा समज.

फेब्रुवारीत गॅलवेहून एक मुलगी आली,
विद्यापीठाची पिशवी, निथळती छत्री.
म्हणाली, हा कापसाचा बोळा गालात धरा,
दोन मिनिटं. चावू नका.
डिंफ्नाला हसू येत होतं,
पण बोळ्यामुळे हसताही येईना.
काउंटरपलीकडून मॅलकी ओरडला,
घ्या, आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली ही!

तीन आठवड्यांनी पत्र आलं.
एक आकडा, आणि आकड्याखाली एक वाक्य:
ज्याच्या आसपास कुणी ओढत नाही
अशा माणसाच्या लाळेत एवढं सापडत नाही.

तिची आई क्षयाच्या दिवसांत वाढलेली.
दुसऱ्याच्या कपाला ओठ लावला
तर हातावर चमचा बसायचा.
आणि इथं एकवीस वर्षं
कोळ्यांचा, गवंड्यांचा, पोस्टमनचा,
गुरांच्या बाजारातून खूश होऊन आलेल्या दलालाचा,
बारशाचा, मयताचा,
कुणाकुणाच्या तोंडातून निघालेला उष्टा धूर
ती पोटभर,
छातीभर जेवत आली.
कुणी मुद्दाम वाढला नव्हता.
अजून घेणार का,
असं कुणी विचारलंही नव्हतं.

पॅकीनंही कधी ओढली नाही.
तळघरातून पिंपं वर आणणारा पॅकी,
दर पायरीला थांबायला लागलेला पॅकी.
दिवसाला किती? डॉक्टरनं विचारलं.
एकही नाही.
डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं, मग खोडलं.
नोव्हेंबरात त्याला पुरून सगळे थेट इथंच आले,
आणि त्याच्या आठवणीनं इतके व्याकूळ झाले,
इतकं ओढलं,
की भिंतीवरचं घड्याळ दिसेना.
डिंफ्ना तेव्हाही पेले पुसत होती.

मार्चच्या शेवटच्या सोमवारी कायदा आला.
आदल्या रात्री मालकानं ॲशट्रे गोळा केले.
त्रेचाळीस भरले. एक कमी होता.
तो डिंफ्नाकडे आहे, त्यात ती किल्ल्या टाकते.

धूर गेल्यावर कळलं
की गालिचाला वास होता, मोरीला होता,
मालकाच्या म्हाताऱ्या कुत्र्याला तर होताच.
पहिले काही दिवस लोक नाक मुरडत म्हणाले,
यापेक्षा धूर बरा होता.
दोघंतिघं यायचे थांबले ते थांबलेच.
मॅलकी शॅननवरून येणाऱ्या वाऱ्यात
दाराबाहेर कॉलर उभारून ओढायचा,
आत येऊन म्हणायचा,
तुझ्या छातीसाठी माझ्या छातीत गारठा!
ती म्हणायची, दार लाव.

मे महिन्यात रंगारी आला.
पांढरा देण्याआधी त्यानं छत धुतलं
आणि बादलीत कडक चहा उतरला.
ओतून ये, मालक म्हणाला.
ती मागच्या दारात बादली घेऊन उभी राहिली.
छतावर जर एवढं,
एवढंच मनाशी म्हणाली,
पुढचं वाक्य
गटारात ओतलं.

पुढच्या फेब्रुवारीत तीच मुलगी, तसाच बोळा.
आकडा चांगलाच उतरल्याचं पत्र नंतर आलं;
तिनं ते फ्रिजवर लावलं, मग काढलं.
पॅकीच्या गालात
कुणी कधी कापूस ठेवला नव्हता.

पण त्या दिवशी, बोळा गालात असताना,
मॅलकी बाहेर होता. काचेतून हातवारे करत होता,
ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं.
दोन मिनिटं
ती नुसती नाकानं श्वास घेत बसली.
आतून कांदा परतल्याचा वास आला.
करपतोय,
तिला सांगायचं होतं.