पाय पूर्वेकडे

प्रभू, आज पुन्हा दोरी ताणली.
दोन खुंट्या, एक सुतळी, आणि सूर्य
कौलांच्या भट्टीवर किती चढलाय
ते डोळे बारीक करून पाहिलं.
डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेकडे.
म्हणजे तू आलास की माणूस नुसता उठून बसला
तरी समोर तूच.
हे मला बापाने शिकवलं, त्याला त्याच्या बापाने.
मिशनच्या साहेबाने आज्याला आणखी काय शिकवलं माहीत नाही,
दोरी मात्र शिकवली.

खानापूरची माती तांबडी.
भिजली की पाय धरून ठेवते,
वाळली की पहार परत फेकते.
चव्वेचाळीस वर्षं हिच्याशी भांडतोय.

दावीद मास्तर मरेपर्यंत दोन गोष्टींची वाट बघत होते,
एक तुझी, एक सीमेच्या निकालाची.
आधी कुठली, यावर आमची चहाची पैज.
पैज अजून उभी आहे.
त्यांच्या दगडावर मराठी, नातवाच्या पाटीवर कन्नड.
तू हाक कशात मारशील?
पलीकडच्या ओळीतली बसव्वा, जी मार्था झाली,
ती ‘बा’ म्हटलंस की उठेल.
आमचे म्हातारे मात्र ‘बा’ ऐकून
इकडंतिकडं बघतील, कुणाचा बाप आला म्हणून.
तेही चूक नाही म्हणा.

तू चोरासारखा येणार, असं पाळक सांगतात.
खरे चोर गेल्या आषाढात येऊन गेले.
लोखंडी फाटक नेलं, बिजागऱ्यांसकट.
कमिटीने ठराव केला, फाटक केलं नाही.
एका अर्थी बरं. तुला कडी वाजवायला नको.

एक सांगायचं राहिलंय.
सुवार्ता गेली तेव्हा पाऊस होता
आणि मी दुसऱ्या कुणाला पहार दिली नाही.
सुतळी भिजली, खुंटी सरकली, की माझे हातच.
आठवड्याने ऊन पडलं तेव्हा दिसलं,
तिची ओळ वाकडी आहे. वीतभर.
पायाशी वीत, पण आभाळाच्या कडेला
त्या वितीचे कोस होतात.
ती उठली तर तू तिच्या उजव्या खांद्यापलीकडे असशील
आणि समोर नुसता बेळगावचा रस्ता,
ज्याने तिला दवाखान्यात नेली
आणि झाकून आणली.

कुणाला बोललो नाही. रोज कंदील टेकवून तुलाच विचारतो,
आज येऊलास काय?
आलास तर थोडा उत्तरेकडून ये,
मलप्रभेच्या काठाकाठाने.
तुला कुठे रूळ आहेत.

मग वाटतं, चर्चमध्येही ती कधी सरळ बसली नाही.
शेवटचा बाक, अर्धी दाराकडे वळून,
मी पहार धुवून उशिरा यायचो म्हणून.
पाळक हात पसरून तुला बोलवायचे,
ती आमेन म्हणायची, डोळे उंबऱ्यावर.
उंबऱ्यावर मी असायचो, नखांत माती.
त्या बघण्याचा तुला राग आला असेल तर
तो माझ्या नावावर लाव.

तेव्हा उशीर करू नको.
गुडघे खड्ड्यातून वर येताना कुरकुरतात.
माझी दोरी कोण ताणेल, ठरलं नाही.
पोरगा म्हणतो, जेसीबी सांगू.
जेसीबीला पूर्व कळते का,
तेवढं एकदा येऊन बघून जा.

जा म्हटलं ते सवयीनं.
जाऊ नको.