अडीच आटे

पट्टा तुटला नाही.
हे आधीच सांगतो, कारण सगळे तेच विचारतात.
पट्टा अजून आहे, घरात खुंटीला.
कंपनीचं नाव पिवळ्या दोऱ्यानं विणलेलं,
एक टाका उसवलेला नाही.

बेळगुंदीत लग्न होतं.
देवळाच्या पायऱ्या चढत होतो नवरीच्या पुढं, उलटा,
टाचेनं वाट चाचपत, आम्ही चालतो तसा.
लाइट धरून भैरू बाजूला.
डाव्या कानाखाली काहीतरी टिक् वाजलं,
ताशात ऐकू येऊ नये इतकं,
मला मात्र आलं.
आणि मान हलकी झाली.

कधीपासून वाटायचं, ही मान एकदा हलकी व्हावी.

दोन लाख शहाऐंशी हजार.
छत्तीस हप्ते, अकरा फिटलेले.
पायऱ्या तीनच.

तिसरीवर काच फुटली तेव्हा
नवरीची आत्या मागून म्हणाली,
"नारळ फुटला वाटतं. बरं झालं, शुभ असतंय."
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले.
मी गळ्यात पट्टा घालून उभा,
पट्ट्याच्या एका टोकाला कडी, कडीला ती कानाची पट्टी,
पट्टीला एक स्क्रू, भाताच्या दाण्याएवढा,
आणि त्याच्यापुढं हवा.

बेंगळूरहून कागद आला:
आघातानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.
मी फोन केला. म्हटलं, बाई, पडल्यामुळं सुटलं नाही,
सुटल्यामुळं पडलं.
ती म्हणाली, सर, तसा रकाना नाही.

उद्यमबागला ईरण्णा बडिगेरची लेथ आहे.
पंपाच्या पिना करतो. मी कॅमेरा
बाळंतिणीच्या पोरासारखा टॉवेलात गुंडाळून नेला.
"एनातु तम्मा?"
त्यानं हात पुसले, आधी जुटानं, मग बनियनला.
स्क्रू चिमट्यात धरला, चष्मा कपाळावर सारला,
आणि नखानं मोजत गेला, मणी मोजावेत तसं.
"अडीच," म्हणाला.
"काय अडीच?"
"आटे. अडीच आट्यांवर टांगलं होतं तुझं हे सगळं."
मग कोपऱ्यातल्या लोखंडाकडं हनुवटी केली.
"ट्रॉलीच्या हुकाला आम्ही सात देतो.
शेणखत वाहायचं असतंय त्यात."

भुसा उडाला, निळसर, वेटोळ्यांचा.
पाण्यासारखं तेल पडत राहिलं.
नवा स्क्रू त्यानं लांब केला, मागं वायसर बसवला,
शेवटी पट्टी धरून असा हिसका दिला
की माझाच जीव गळ्याशी आला.
"आता कॅमेरा तुटंल," म्हणाला, "हे नाही."

बिल कन्नडात. आकडे वाचले,
बाकीचं शाळेत होतं तेव्हा येत होतं.
ऐंशी रुपये.
शंभराची नोट दिली तर वीस परत केले, मोजून.

भिंग जुनं घेतलं, कोल्हापुरात, ओळखीतून.
बॉडीवर पोचा आहे, तो मी बोटानं झाकतो.
मुहूर्त चालू राहिले. बेळगुंदीचं लग्न
भैरूच्या मोबाइलवर निघालं, आणि खरं सांगायचं तर
आत्याबाईंचा फोटो त्यातच चांगला आलाय.

आता एकच झालंय.
डावा अंगठा आपोआप त्या स्क्रूवर जातो,
मंगलाष्टकात दर कडव्याला एकदा.
लोकांना वाटतं, नमस्कार करतोय.
घरी पण तेच. पंख्याचा हूक,
कुकरच्या मुठीचा नट, दाराचं बिजागर.
बायको म्हणते, बसा की जरा.

सकाळी थोरलीचं दप्तर उचललं.
पट्टा चांगला आहे, रुंद, गादीचा.
पट्टा मी बघतच नाही.
पट्टा जिथं संपतो आणि दप्तर सुरू होतं,
तेवढी बोटभर जागा उलटी करून
उजेडात धरली.

"पप्पा, बस आली की."