शेऱ्याचा रकाना

ब्यूरोने वही दिलीय, निळ्या पुठ्ठ्याची.
तारीख, वेळ, बीपी, साखर,
लघवी किती वेळा, शौचास झाली का,
जेवण : पूर्ण, अर्धे, नाही.
शेवटी एक रकाना, शेरा.
एवढासा. त्यात एक 'ठीक' मावतं
आणि माझी सही, पा. भोये.

साडेसहाला पेठ रोडवरून निघते,
निमाणीला बस बदलते,
आठाला जेल रोड, तिसरा मजला.
रात्रीची पोरगी चप्पल अडकवता अडकवता सांगते,
झोपल्या नाहीत गं, चादर तपासत बसल्या.

एकतीस वर्षं नोटप्रेसमध्ये होत्या मथुराबाई जाचक.
छापलेला ताव उजेडात धरायचा,
रेघ तुटली, शाई फुटली, आकडा सरकला
की पेन्सिलीची फुली.
आता पोळी धरतात खिडकीशी.
"बाद."
मी ती आत नेते, तीच फिरवून आणते.
"पास," म्हणतात, आणि खातात.
माझाही चेहरा रोज हनुवटीला धरून बघतात.
नाव आठवत नाही त्यांना,
पण डाव्या भुवईवरचा व्रण
रोज नव्याने सापडतो.
फुली मारत नाहीत,
अंगठा फिरवतात त्यावरून.

एक तारखेला माझा मोबाइल वाजला.
पगार, मी म्हटलं.
"दाखव."
दाखवला.
"कुठंय? हा तर नुसता आवाज."

मग दुपारभर पेपर फाडला त्यांनी,
नखाने घडी मोडून, सुरीसारखा सरळ,
एकाच मापाच्या चिठ्ठ्या.
वाटीत ओला स्पंज मागितला.
अंगठा भिजवायचा, सरकवायचं. भिजवायचा, सरकवायचं.
चमचा थरथरतो त्या हातात,
चिठ्ठ्या थरथरल्या नाहीत.
वर रबरबँड, आणि माझ्यापुढे.
"मोजून घे.
माझ्यावर भरवसा ठेवायचा नाही,
मोजून घे."

मोजल्या. नव्याण्णव.
तेही मी मोठ्याने म्हटलं.

शंभर म्हणता आलं असतं.
पोळी फिरवता येते तसंच.
का कोण जाणे, नाही म्हटलं.

त्यांचं तोंड पांढरं पडलं.
"दारं लावा," म्हणाल्या,
"सापडेस्तोवर कुणी घरी जायचं नाही."
मी कडी लावली.
गादी उचलली, उशी झटकली,
औषधांचा डबा पालथा घातला,
वॉकर बाजूला सारून त्या स्वतः खाली बसल्या,
चार महिन्यांत पहिल्यांदा
कुणी न धरता.
पलंगाखाली दोघींची डोकी,
त्यांची पांढरी, माझी तेल लावलेली.

वर कोपऱ्यात कॅमेरा आहे.
बंगळूरहून मुलाचा फोन आला,
"भोयेताई, आई खाली का बसलीय? पडली का? काय हरवलंय?"
मी म्हटलं, एक नोट.
तो गप्प झाला.
मग म्हणाला, "कपाटाखाली बघा.
लहानपणी माझं सगळं तिथंच जायचं."

कपाटाखाली नव्हती.
माझ्याच टाचेला चिकटली होती, ओली,
शेतमालाच्या भावाचा तुकडा,
द्राक्षं, आणि पुढचा आकडा फाटलेला.
त्यांनी ती उजेडात धरली.
इकडून पाहिली. तिकडून पाहिली.
गड्डीत घातली, पुन्हा मोजली,
आणि कपाळाचा घाम पदराने पुसला, आधी माझा.
"आता गेट उघडतील.
जा बाई, पोरं वाट बघत असतील."

सव्वातीन वाजले होते.
माझी सुटी आठला.
मी त्यांना उठवून बसवलं, चहा टाकला,
आणि उकळी येईस्तोवर
कोहोरला आईला फोन लावला.
ठीक, म्हणाली ती.
दरवेळी ठीकच म्हणते.
तिच्यापाशी वही नाही.

संध्याकाळी बीपी भरलं, साखर भरली,
जेवण : पूर्ण.
शेऱ्यात लिहिलं, शंभर.

ब्यूरोची मॅडम उद्या विचारील,
शंभर काय?
काय ते मला अजून सुचलं नाही.
गड्डी पिशवीत आहे, डब्याच्या खाली.
बसमध्ये एकदा चाचपून पाहिली.