पांढरी पाच, किंचित चढी

कॅबिनेट मिरजेतल्याच एका भंगारवाल्याचं,
पॉवर सप्लाय मात्र कोरा.
तिथे हात आखडायचा नाही
म्हणून भिशी आधीच उचलली.

पंखा मोठा घेतला, सावकाश फिरणारा.
रॅमच्या पट्ट्या खाचेत बसताना
टच् झालं,
त्या दिवशी जेवण विसरले.

रात्री साडेबाराला, गल्ली निजल्यावर,
हेडफोन लावला
तर तळाशी कुणीतरी
तोंड मिटून हूं करत बसलेलं.

केबल बदलली. सॉकेट बदललं.
फ्रीज बंद ठेवून पाहिला, दूध नासलं,
आई दोन दिवस बोलली नाही,
हूं बोलत राहिला.

दस्तगीरचाचा आले समोरून,
नखांत लाख, बाहीवर भोपळ्याचा भुसा.
हेडफोनची एकच वाटी कानाला धरून म्हणाले,
"पांढरी पाच. किंचित चढी.
कुणी छेडत नाही तरी बोलतंय?
बेटा, याचा पाय जमिनीला लागलेला नाही."

परसात, धुण्याच्या दगडामागे
अर्थिंगचा खड्डा.
झाकण गंजलेलं, मीठ-कोळसा ठणठणीत कोरडा.
पोपट वायरमन गेला
त्यानंतर कुणी पाणीच घातलं नव्हतं.

दोन बादल्या ओतल्या.
माती आधी फसफसली, मग गप्प प्यायली.

आता तिथे काही नाही.
इतकं नाही, की पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये
गल्लीपलीकडची चाचांची कानस आली,
घोडीवर जवारी काढणारी.
ती मी कापली नाही.

दर रविवारी एक बादली.
कॅलेंडरवर लिहिलंय,
सिलिंडरच्या तारखेखाली.