टॅब दाबल्यावर

अकरा दिवस चालू होतं ते.
उर्वेचं गणित, पाइनच्या खोडांतल्या वलयांचं,
दीडशे हिवाळे एकेक करून मोजत
तार्तूच्या या तळघरात घरघरत होतं.
मला संपवायचं होतं ४१२७,
छपाईचं एक अडकलेलं काम, कुणाचंच नसलेलं.
दोन आणि सात, शेजारी शेजारी,
माझ्या बोटांखाली जागा बदलून बसले.

उर्वे काही बोलली नाही.
कप धुतला, पालथा ठेवला,
आणि बर्फातून सायकल ढकलत घरी गेली.
तीन महिने तिने ते गणित पुन्हा लावलंच नाही.

आता मार्च. एमायोगी नदीवर बर्फ तडकतो
त्याचा आवाज इथवर येतो.
मी एक लहानशी गोष्ट लिहितोय:
'किल' लिहून कुणी टॅब दाबला
तर शेलने त्याच्यापुढे काय ठेवावं.

नुसते आकडे? आकड्यांनीच तर घात केला.
नुसती नावं? एकाच नावाचे आठ जण आहेत,
हाक मारली तर आठही माना वळतील.
सगळे दाखवावेत, तर चारशे बारा.
ज्याचे त्यालाच दाखवावेत, हे बरं,
पण रूट होऊन बसलेल्याला सगळेच आपले वाटतात,
आणि त्या रात्री मी रूट होतो.

ज्या शेलात बसून लिहितोय ते यादीतून गाळलं.
बसल्या फांदीवर कुऱ्हाड नको.
यादी करायला धावलेला पीएससुद्धा
यादीत आपलं नाव घालून येतो,
आणि आपण वाचेपर्यंत संपलेला असतो.
त्यालाही गाळलं.
मेलेले तर गाळलेच. मेलेल्याला मारता येत नाही,
त्याला जन्म देणाऱ्याने येऊन नोंद खोडावी लागते,
तोवर तो नुसता एक आकडा अडवून उभा.

मग सिग्नल.
नऊ म्हणजे दार न वाजवता दिवा विझवणं.
पंधरा म्हणजे, आवर आता, निघायचंय.
मी पंधरा सगळ्यात वर ठेवला,
नऊ तळाशी, शोधणाऱ्याला सापडेल असा.
नव्या पोरांना सवय लागावी म्हणून, असं मी मीटिंगमध्ये सांगितलं.
खरं असं की मी त्या रात्री नऊ मारला होता.
पंधरा मारला असता
तर तिच्या गणिताने जाता जाता
दहा दिवसांचं तरी कुठेतरी लिहून ठेवलं असतं.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

काल उर्वे मागे येऊन उभी राहिली,
हातात राईच्या पावाचा तुकडा.
पडद्यावर बराच वेळ बघत होती.
'काल्यो,' म्हणाली, 'वय लाव.'
वय?
'किती वेळ चालू आहे ते. नावाच्या आधी.'
आणि पावाचे कण माझ्या कीबोर्डवर सांडून गेली.

लावलं. आकडा, मालक, वय, मग नाव.
नाव शेवटी, कारण ते कितीही लांबू शकतं.

एक गोष्ट मात्र सुटत नाही.
यादी दिसते आणि एंटर दाबला जातो
त्या दोहोंच्या मध्ये जग थांबत नाही.
कुणी आपणहून निघून जातं,
त्याचा आकडा कधीतरी दुसऱ्याच्या गळ्यात पडतो,
आणि आपण जुन्या फोटोवर नेम धरून बसलेलो.
फाइलच्या माथ्यावर मी तसं लिहून ठेवलंय:
यावर उपाय मला सापडलेला नाही.

आज संध्याकाळी, सगळे गेल्यावर, करून बघितलं.
'किल', एक जागा सोडून, टॅब.
तिसऱ्या ओळीत:
उर्वे, नऊ दिवस, चार तास, वलयं.
बोट एंटरपासून लांब, मांडीवर ठेवलं.
मारायचं कुणालाच नव्हतं.
ओळ पुसली. पुन्हा लिहिली.
पुन्हा टॅब दाबला, नुसता बघायला.